हप्त्याची बेडी तोडा, हिशेबाची वही उघडा!

मालेगाव हे कापड विणणाऱ्यांचे शहर आहे. गिरणा आणि मोसम नद्यांच्या काठच्या या गावात हजारो यंत्रमाग रात्रंदिवस धडधडत असतात. बारा-बारा तासांच्या पाळीत मागापुढे उभा राहणारा कामगार मीटरच्या हिशेबाने मजुरी कमावतो. त्याने विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी गुजरात-राजस्थानकडे जाते, आणि रंग चढवून, घडी घालून, चकचकीत पिशवीत बसून दुकानात परत येते तेव्हा तेच कापड त्याला उधारीवर विकत घ्यावे लागते. एके काळी मालेगावची रंगीत नऊवारी साडी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोहोचली होती. आज ज्या हातांनी महाराष्ट्राला नेसवले, त्याच हातांत दुकानदाराची उधारीची चिठ्ठी आणि मोबाईलवर हप्ता थकल्याचा संदेश आहे. विणणारा कर्जात आणि विकणारा माडीवर, हे या शहराचे अर्थशास्त्र आहे.

शुक्रवारी माग बंद असतात. आठवड्याची मजुरी हातात येते आणि बाजार फुलतो. हा बाजार एकट्या मागवाल्यांचा नाही. आमचा हमाल, गवंडी, सफाई कामगार, कांद्याच्या शेतावर राबणारी आमची आयाबहीण, नुकताच नोकरीला लागलेला आमचा पदवीधर पोरगा, सगळेच त्यात आहेत. आठवड्याची कमाई एका संध्याकाळी कुठे गेली, हे शनिवारी सकाळी घरात कोणालाच सांगता येत नाही. या प्रश्नावर समाजबांधवांशी दोन शब्द स्पष्ट बोलावे, असे आम्हाला वाटते.

हा विषय काढला की पहिला आक्षेप येतो तो आपल्याच माणसांकडून. "आता कुठे आमच्या अंगावर चांगला कपडा आला, तर तुम्ही आम्हाला काटकसर शिकवता?" हा आक्षेप खोटा नाही. त्यामागे हजारो वर्षांची वेदना आहे. या देशात अस्पृश्यांनी काय नेसावे, काय खावे, कोणत्या भांड्यात पाणी भरावे हे गाव ठरवत होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात याचे पुरावेच मांडले आहेत. १९२८ साली इंदूर संस्थानातील बलाई समाजाला सवर्णांनी फर्मान काढले की पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधू नये आणि बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी आपल्या बायाबापड्यांनी धातूच्या भांड्यात पाणी आणले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. १९३६ साली जयपूर संस्थानातील चकवारा गावी जेवणात तूप वाढले म्हणून पंगत उधळून लावली गेली. पैसा आमचा, तूप आमचे, पाहुणे आमचे आणि मार मात्र आम्हालाच!

म्हणून आम्ही ठामपणे सांगतो की चांगले नेसणे, चांगले खाणे, पक्के घर बांधणे हा उधळेपणा नाही. तो माणूसपणाचा हक्क आहे. गरिबांनी गरिबीतच समाधान मानावे, चरखा फिरवावा, यंत्राकडे पाठ फिरवावी, हा उपदेश गांधीवादाचा होता. बाबासाहेबांनी १९४५ साली त्याचा जाहीर समाचार घेतला. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा साधेपणाच्या नावाने आपल्या लेकरांना पुन्हा लंगोटीत बसवणारा काटकसरीचा उपदेश आम्हाला मुळीच मान्य नाही.

मग बाबासाहेब खर्चाविषयी काय सांगतात? डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या माताभगिनींना उद्देशून भाषण केले. वरिष्ठ जातींच्या बायका नेसतात तसे लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असला पाहिजे, असेही सांगितले. गळाभर आणि कोपरापर्यंत दागिने घालण्याची रूढी टाका, घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालूच नका, असा सल्ला दिला. या एका भाषणात सगळे शास्त्र आहे. ताठ मानेने नेसा, परंतु दिखाव्याचे ओझे अंगावर वागवू नका. जी वस्तू तुमची मान वर करते ती घ्या, आणि जी केवळ तुमची जात आणि तुमचे अज्ञान दाखवते ती फेकून द्या.

त्याआधी १९१८ साली बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावर लिहिताना बाबासाहेबांनी पैशाविषयी फार मोलाचा विचार मांडला होता. पैशाची ओढ ही मुळात वाईट किंवा चांगली नसते. माणसाला तो पैसा कशासाठी हवा आहे, त्यावरून त्याची किंमत ठरते. खर्च किती झाला हा दुय्यम प्रश्न आहे, कशासाठी झाला हा पहिला प्रश्न आहे. आंबेडकरी माणसाने प्रत्येक खरेदीला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता आजच्या बाजाराकडे पाहू. पूर्वी सावकार ओट्यावर बसलेला दिसत असे. त्याचे नाव, त्याची जात, त्याची वही आपल्याला ठाऊक होती. आजचा सावकार दिसत नाही. तो मोबाईलच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर टाय लावून बसतो, ॲपमधून बोलतो, 'आता घ्या, नंतर द्या' म्हणतो, 'शून्य टक्के व्याज' म्हणतो. शून्य टक्के व्याजाने कोणता व्यापारी कोणाचे भले करतो? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेले असते, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला न देऊन वसूल केलेले असते. म्हणजे दुकानदाराने सांगितलेले शून्य हे आपल्या डोळ्यांत टाकलेले शून्य आहे.

दुसरी फसवणूक 'फ्लॅट' दराची. समजा, फ्रिजसाठी २४,००० रुपयांचे कर्ज घेतले. एजंट सांगतो, वर्षाला फक्त १२ टक्के. व्याज झाले २,८८० रुपये, एकूण २६,८८०, महिन्याला २,२४० चा हप्ता. ऐकायला गोड वाटते. परंतु आपण दर महिन्याला मुद्दलही फेडत असतो. सहा महिन्यांनंतर साधारण निम्मीच रक्कम आपल्याकडे उरते आणि व्याज मात्र पूर्ण २४,००० वर चालूच असते. नीट हिशेब केला तर हा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. आणि गल्लीतला सावकार तर शेकडा दहाने महिन्याचे व्याज घेतो. २०,००० उचलले की महिन्याला २,००० नुसते व्याज. वर्षात २४,००० भरले तरी वीस हजारांचे मुद्दल जागच्या जागी! आमच्या शिकलेल्या पोरांनी हे गणित वाड्यावस्तीत फळ्यावर मांडून दाखवले पाहिजे. बीजगणित शिकून जर आपल्या आईला हप्त्याचे गणित समजावता येत नसेल, तर ती पदवी काय कामाची?

महिलांच्या गटांना दारात येऊन कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपन्या आता गल्लोगल्ली पोहोचल्या आहेत. एका बाईचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात, म्हणजे कंपनीच्या वसुलीचे काम शेजारणीच फुकट करतात. धंद्यासाठी, शिलाई यंत्रासाठी घेतलेले कर्ज कुटुंबाला वर काढू शकते, हे आम्ही नाकारत नाही. पण धंद्याच्या नावाने उचलायचे आणि हळदीला, टीव्हीला घालायचे, मग पहिल्या कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचलायचे, हे चक्र घर गिळते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करता येत नाही, धमकी आणि शिवीगाळ करता येत नाही. हे नियम प्रत्येक भगिनीला पाठ असले पाहिजेत. परवाना नसताना सावकारी करणे हा तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. कायदा आहे, पण तो वापरणारा जागा पाहिजे.

मालेगावपासून जवळच मनमाड आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपले दोन शत्रू दाखवून दिले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिल्या शत्रूला आपण ओळखतो, त्याच्याविरुद्ध घोषणा देतो. दुसरा शत्रू आपल्याच खिशात, आपल्याच हातातल्या मोबाईलवर सवलतीची जाहिरात होऊन बसला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. मनमाडच्या पुढे येवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तिथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. त्याच येवल्याला आज आपली माणसे मुलीच्या लग्नाच्या पैठणीसाठी कर्ज काढून जातात. पैठणी विणणाऱ्या कारागिराच्या कष्टांचा आम्हाला आदरच आहे. ऐपत असेल त्याने ती जरूर घ्यावी. पण एका दिवसाच्या फोटोसाठी तीन वर्षांचा हप्ता, ही कोणती क्रांती?

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर बोलू. बौद्ध विवाहविधी मुद्दामच साधा आहे. बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि पुष्पहार. अर्ध्या तासात विवाह होतो आणि भटाला दक्षिणा लागत नाही. महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच पुरोहिताशिवाय आणि नाममात्र खर्चात विवाह लावून दाखवला होता. स्वतः बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील आपल्या निवासस्थानी मोजक्या माणसांत नोंदणी पद्धतीने विवाह केला. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते. त्यांना मांडव घालता आला नसता काय?

आणि आपण काय करतो? विधी बुद्धाचा आणि थाट पाटलाचा! साखरपुडा वेगळा, हळद वेगळी, हळदीला डीजे, वरातीला घोडा, लग्नाआधीचे फोटो काढायला डोंगरावर गाडी. बस्ता काढायला दोन्हीकडची चाळीस माणसे दोन जीप भरून मालेगावला येतात, दिवसभर दुकानात बसतात आणि भाऊबंदांच्या मानपानाच्या साड्या-टोप्यांतच निम्मा पैसा संपतो. त्या साड्या कोणी नेसत नाही, त्या पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिल्या जातात. पुरोहिताला घराबाहेर काढले आणि त्याच्या जागी डीजेवाला, मंडपवाला आणि फायनान्सवाला यांना बसवले, असा हा प्रकार झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद येईपर्यंत मुलांवर लादू नका, असे बजावले होते. कर्जाने लग्न लावणारा बाप नवीन संसाराला पहिला आहेर कर्जाचाच देतो.

उधळपट्टीचा ठपका मात्र नेहमी बायकांच्या साडीबांगडीवर ठेवला जातो. हा अन्याय आहे. रोजची पन्नास रुपयांची पुडी-तंबाखू वर्षाला १८,२५० रुपये खाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी ती पुडी चोरून मिळते आणि आपलाच पोरगा ती घेतो. दारूचा हिशेब आम्ही इथे मांडत नाही, तो प्रत्येक घरातल्या माउलीला पाठ आहे. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात किती तरुणांचे पगार बुडाले! अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला अशा खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. तथागताने मात्र हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. सिगालोवाद सुत्तात त्यांनी संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे दाखवली आहेत: नशापाणी, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. यात बायकोच्या साडीचे नाव कुठेही नाही, हे पुरुष बांधवांनी लक्षात घ्यावे!

त्याच सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवण्यासाठी. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला उपदेश करताना बुद्धांनी समजीविता शिकवली. तराजू धरणारा जसा कोणते पारडे किती झुकले हे जाणतो, तसे माणसाने आपली आवक आणि जावक जाणून राहावे. आवक कमी असताना ऐषाराम करणारा हा उंबराची फळे पाडून खाणाऱ्यासारखा असतो, खातो थोडी आणि पाडून नासवतो फार. आवक भरपूर असताना कंजूषपणे जगणाऱ्यालाही बुद्धांनी नावे ठेवली आहेत. मध्यम मार्ग तो हाच. आणि अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यांत एक सुख सांगितले ते 'अनण सुख', म्हणजे कोणाचेही ऋण अंगावर नसण्याचे सुख. रोज वंदना घेणाऱ्या किती घरांत आज हे सुख आहे, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

या कर्जाची किंमत शेवटी कोण मोजतो? दहावी-बारावीतली आपली मुलगी. शिष्यवृत्ती मंजूर होते पण खात्यात यायला उशीर लागतो, तोपर्यंत वसतिगृहाचे पैसे, पुस्तके, प्रवास यांना घरात रोकड लागते. ती रोकड हप्त्यात अडकली की मुलीची शाळा सुटते आणि मुलगा मजुरीला लागतो. बापाने फ्रिजचे चार हप्ते बुडवले की त्याची नोंद पतमानांकनात होते, आणि पुढे त्याच पोराच्या शैक्षणिक कर्जाला बँक आडवी येते. फ्रिजमध्ये पाणी थंड झाले, पण पोराचा इंजिनिअर होण्याचा रस्ता बंद झाला. लंडनमध्ये शिकताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा काढून पुस्तके घेतली. इकडे माता रमाईने काडीकाडी वाचवून संसार ओढला. उपाशी राहणे हे त्यांचे ध्येय नव्हते. त्या एकेका शिलिंगातून आणि आण्यातून या देशाचा घटनाकार उभा राहिला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, घरात एक वही ठेवा. तीस रुपयांची वही. मजुरी मिळाली त्या दिवशी आवक लिहा आणि रात्री खर्च लिहा. ती वही घरातल्या शिकत्या मुलीच्या हातात द्या. एका महिन्यात पैसा कुठून गळतो ते दिसेल. दुसरी गोष्ट, अन्न, औषध आणि शिक्षण सोडून कोणतीही वस्तू पाहिल्या दिवशी घेऊ नका. पुढचा शुक्रवार येऊ द्या. आठवड्यानंतरही गरज वाटली तर घ्या, रोखीने घ्या. निम्म्या खरेद्या तेवढ्यातच गळून पडतील. तिसरी गोष्ट, आधी बचत, मग खर्च. पोस्टातले आवर्ती खाते महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येते. महिन्याला ५०० टाकले तर पाच वर्षांत मुद्दलच ३०,००० होते, वर व्याज वेगळे. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला सावकाराचा उंबरठा चढावा लागणार नाही.

चौथी गोष्ट समाजाने मिळून करायची आहे. एकट्या बापाला साधे लग्न लावायला भीती वाटते, भाऊबंद हसतील म्हणून. म्हणून वाड्यावस्तीने बुद्धविहारात बसून ठराव केला पाहिजे: हळद आणि लग्न एकाच दिवशी, मानपानाच्या साड्या बंद, डीजे बंद, आहेर पुस्तकांचा किंवा मुलीच्या नावे ठेवीचा. पुढाकार नोकरदारांनी आणि पुढाऱ्यांनी घ्यावा, कारण गरीब माणूस त्यांचेच पाहून खर्च करतो. सामुदायिक विवाहाला सरकारी मदतही आहे. तिचे नाव 'कन्यादान योजना' ठेवले आहे, आणि मुलगी ही दान द्यायची वस्तू नाही हे सरकारला ठणकावून सांगत आम्ही ती मदत हक्काने घ्यावी. जयंतीच्या वर्गणीलाही हाच नियम लावा. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात वस्तीतली अभ्यासिका उभी राहते.

आमच्या शेजारच्या मोमीन मोहल्ल्यातही हीच कहाणी आहे. व्याज त्यांच्या धर्माने निषिद्ध मानले, तरी हप्ता त्यांच्याही दारात आला, आणि लग्नातल्या देण्याघेण्याने त्यांचाही कामगार वाकला. या शहरात धर्माच्या नावाने आपल्याला वेगळे काढणारे पुष्कळ आहेत. कर्जाच्या बाबतीत मात्र आपण एकाच वहीत आहोत. सावकारीविरुद्ध आणि योग्य मजुरीसाठी दोन्ही मोहल्ल्यांनी एकत्र उभे राहिले पाहिजे. केवळ काटकसरीने गरिबी हटत नाही, त्यासाठी मजुरीचा लढा लढावाच लागतो, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या मानेवर मालकाची उचल आणि कंपनीचा हप्ता आहे, तो संपात एक आठवडाही टिकू शकत नाही. लढणाऱ्या माणसाच्या घरात दोन महिन्यांचे धान्य असावे लागते.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या प्रसंगी बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. पंधरा हजार कमावणाऱ्याचा विसावा भाग होतो ७५० रुपये. आज आपल्याकडे तो मागायला कोणी आले तर आपण म्हणतो, हात तंग आहे. हात तंग का आहे? कारण त्या आधीच फायनान्स कंपनी आपला पाचवा, चौथा, कधी कधी निम्मा भाग घेऊन गेलेली असते, आणि तिला आपण एक दिवसही उशीर करत नाही. बाबासाहेबांच्या विसाव्या भागाला आपल्याकडे पैसे नाहीत आणि बाजाराच्या निम्म्या भागाला आहेत! समाजबांधवांनो, हा हिशेब उलटा केल्याशिवाय आपले विहार, आपली वसतिगृहे, आपली वृत्तपत्रे आणि आपली चळवळ आपल्या पायांवर उभी राहणार नाही. पाटलाची वेठबिगारी आपल्या बापजाद्यांनी झुगारली. हप्त्याची वेठबिगारी आपण झुगारू या. येत्या शुक्रवारी बाजारात जाण्याआधी वहीचे पहिले पान लिहा.

जयभीम!